हट्ट्याला नेलेलं पीठ

हिंगोली जिल्ह्यात लोक देवदर्शनाला जातात, लग्नाला जातात, हळदीच्या बाजाराला जातात. मी एका माणसावर संशय घ्यायला गेले होते. तो माणूस तिथे राहत नव्हता, ही गोष्ट वेगळी. तो कुठे राहतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि माझं दुखणं नेमकं तेच होतं.

माझी नात मुक्ता हट्ट्याला दिलेली आहे. दिलेली कसली, नवराही तिनेच निवडला आणि गावही. हैदराबादला कंपनीत संगणकाचं काम करत होती, संतोष तिथेच भेटला. पुढे त्याने नोकरी सोडून घरची हळद आणि शेळ्या बघायचं ठरवलं, आणि ही त्याच्यामागे वसमत तालुक्यात येऊन बसली. तिला सातवा लागला तेव्हा फोनवर म्हणाली, "आजी, आता जरा हलकी होणार बघ मी. सायमनकडे सगळं सोपवते."

"कोण सायमन?"

"मदत करतो कामात."

"पगारी?"

"नाही गं, फुकट."

"आणि तू?"

"मी पण फुकटच."

मी फोन ठेवला आणि बॅग भरायला घेतली.

तेविसाव्या वर्षीची मी असते तर म्हणाले असते, किती भला माणूस! त्या मुलीला मी चांगली ओळखते. टाय लावलेल्या एका विक्रेत्याने तिला दूध उतू न जाणारं झाकण विकलं होतं. त्या झाकणाचे गुण शेजारणीला सांगत ती दारात उभी होती आणि आत दूध उतू जात होतं. करपल्याचा वास आला तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "जा हो, तुमचं दूध बघा."

परभणीहून पुढे

वाई ते परभणी हा प्रवास मी झोपून काढला, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. संतोष गाडी घेऊन आला होता. पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याच हाताच्या आडून मागच्या सीटवर काय आहे ते बघून घेतलं. शेळ्यांच्या औषधाच्या बाटल्या होत्या. असोत.

मार्चचे दिवस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद शिजवणं चाललेलं. मोठमोठ्या पिंपांतून वाफ निघत होती आणि ओल्या मातीला हळदीच्या दुधाचा वास यावा तसा वास चालत्या गाडीत येत होता. शिजलेली हळद शेतातच पसरलेली, जिकडे बघावं तिकडे पिवळे गालिचे. आमच्या वाईलाही हळद होते, पण मी ते संतोषला सांगितलं नाही. जावयाला पहिल्याच दिवशी सगळं कशाला सांगा?

"आजी, तकलीफ न्हाई ना झाली प्रवासात?"

"झाली तर तू काय करणार होतास?"

तो हसला आणि गाडी चालवत राहिला. उलट उत्तर देत नाही म्हणजे एक तर गुणी असेल, नाही तर लबाड. मी निकाल राखून ठेवला.

हट्टा

मुक्ताची सासू गोदावरीबाई. उंच, काटक, आवाज शेळ्यांना शेताच्या दुसऱ्या टोकाहून परत आणणारा. त्यांनी चहा घेणार का असं विचारलं नाही, सरळ कप हातात दिला. आमच्याकडे पाहुण्याला विचारतात आणि पाहुणा एकदा नाही म्हणतो. इथे विचारणं म्हणजेच न देण्याची तयारी, असा हिशोब दिसला. चहा इतका गोड की मला लगेच शंका आली, काय लपवायचंय?

मग मी बॅगेतून माझी भेट काढली. नाचणीचं पीठ. सातवा लागलेल्या पोरीला याच्यापेक्षा चांगलं काय? वाईच्या गिरणीतून ताजं दळून आणलेलं, स्वच्छ फडक्यात बांधलेलं.

गोदावरीबाईंनी फडकं सोडलं, चिमटीत पीठ घेतलं, वास घेतला, उजेडात धरलं.

"हे काहून काळं हाय?"

"नाचणी आहे. ती अशीच असते."

"कोणी दळलं?"

"गिरणीवाल्याने."

"तुमच्यासमोर?"

"मी मंडईत गेले होते तेवढ्यात दळून ठेवलं त्याने. ओळखीचा आहे हो."

"बरं," असं म्हणून त्यांनी फडक्याची गाठ मारली आणि पीठ वरच्या फळीवर ठेवून दिलं. "राहू द्या आज्जी. आमच्या घरी डोळ्याआड दळेल पीठ पोटुशीला देत न्हाईत."

माझ्या पिठावर संशय! मी, जी संशय घ्यायला एवढ्या लांब आले होते! मला इतका राग आला की रात्री येसर आमटी तीनदा मागून घेतली तरी चांगली आहे असं एकदाही म्हणाले नाही. जाड, टम्म फुगलेली ज्वारीची भाकरी, तिच्यावर करडईच्या तेलात कालवलेली जवसाची चटणी. फारच चांगली होती. नाही म्हणाले म्हणजे नाहीच.

मुक्ताचं फुकटचं दुकान

दुसऱ्या दिवशी मी मुक्ताच्या खोलीत खुर्ची टाकून बसले. खिडकीच्या पलीकडे शेळ्यांचा गोठा. एक करडू खिडकीच्या गजांतून तोंड घालून माझ्या पदराचं टोक चघळत होतं, हे मला पदर ओला झाल्यावर कळलं.

"आता सांग. काय करतेस तू?"

मुक्ताने सांगितलं ते असं. संगणकाच्या भाषा असतात. त्यांपैकी एका भाषेत लोक आधी मजकूर लिहितात, माणसाला वाचता येईल असा. मग एक यंत्रणा तो सगळा मजकूर एकदम यंत्राच्या बोलीत उतरवते. उतरवल्यावर तो यंत्राला कळतो, पण माणसाला वाचता येत नाही. मुक्ताने जे बनवलंय ते उतरवण्याच्या आधी मजकूर वाचतं आणि लिहिणाऱ्याला सांगतं, इथे तू चुकलास, इथे पुढे घोटाळा होईल, हे असं का लिहिलंस? तिने त्याला नाव दिलंय चाळणी. जगभरचे लोक ती वापरतात. दवाखान्यांची यंत्रं बनवणारेसुद्धा. चाळणीचा स्वतःचा मजकूरही सगळ्यांसाठी उघडा. कुणीही वाचावा, फुकट न्यावा, सुधारणा सुचवावी.

"म्हणजे सगळ्यांवर संशय घेणारं यंत्र," मी म्हणाले.

"तसंच समज."

"मग ते आपल्याच घराण्यातलं आहे."

तिने मला लोकांची पत्रं दाखवली. सगळी उघड्यावर, चव्हाट्यावरच्या भांडणासारखी. मला फार आवडली. एकाने लिहिलं होतं, चाळणी माझ्या यंत्रावर चालत नाही, ताबडतोब दुरुस्त करा. फुकट नेणाऱ्याचा तोरा तर बघा! दुसऱ्याने तिसऱ्याला मूर्ख म्हटलं होतं आणि मुक्ता मधे पडून दोघांची समजूत घालत होती. सगळ्या पत्रांत एकच माणूस गोड. सायमन.

त्याने मागच्या वर्षापासून कितीतरी चुका दुरुस्त करून पाठवल्या होत्या. कधी चिडला नाही, कधी अडून बसला नाही, मुक्ता म्हणेल ती पूर्व. आणि आता त्याने लिहिलं होतं: तू विश्रांती घे, तुमच्याकडे दुपारची वीज जाते, तुझं यंत्र तापतं, नवी चाळणी मी माझ्याकडे यंत्राच्या बोलीत उतरवून तयार ठेवली आहे. रविवारी तू फक्त तुझी सही कर आणि सगळ्यांना वाटून टाक. त्यानंतर सहीची किल्लीच माझ्याकडे दे, म्हणजे बाळंतपणात तुला त्रास नको.

ती सही म्हणजे मुक्ताचा शिक्का. तो बघून लोक डोळे मिटून चाळणी घेतात.

"याला पाहिलंयस?"

"नाही."

"आवाज?"

"नाही गं. असंच असतं आमच्यात. कामावरून माणूस ओळखायचा."

"गाव कुठलं? मामा कोण?"

"आजी! मी त्याच्याशी लग्न करत नाहीये."

"लग्नात निदान नवरा घरातच राहतो. याला तू किल्ली देऊन स्वतः बाहेर जाणार आहेस."

मुक्ता चिडली. पाय खुर्चीवरून खाली सोडत म्हणाली, "तुला थकवा कळतो का? रोज उठून जगाची भांडणं सोडवते मी. एक माणूस मदतीला आलाय, तर त्याच्याही मागे लाग तू!"

मी उठायला गेले. करडाने पदर सोडला नव्हता.

जवळा बाजार

घरात दोघी फुगलेल्या, म्हणून गोदावरीबाई मला बाजाराला घेऊन गेल्या. त्यांना एक शेळी विकायची होती. जवळा बाजारचा आठवडी बाजार म्हणजे मिरच्यांचे ढीग, दोरखंडं, प्लास्टिकच्या घागरी, भज्यांचा घाणा आणि एका अंगाला जनावरं. मी भजी घेतली, तेल कालचं आहे का विचारलं. भजीवाला म्हणाला, "न्हाई आज्जी, परवाचं हाय." मग त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास बसला आणि मी आणखी घेतली.

शेळीला पहिलं गिऱ्हाईक आलं ते म्हाताऱ्या फेटेवाल्याचं. त्याने शेळीचं तोंड उघडून दात बघितले, कास दाबली, खूर उचलले, चालवून बघितली आणि शेवटी म्हणाला, "लंगडती का काय?"

"लंगडंल तुमचा जावई," गोदावरीबाई म्हणाल्या.

तो गेला. मग एक गोड चेहऱ्याचा तरुण आला. शर्टाला इस्त्री. शेळीकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "काकू, तुमची शेळी म्हणल्यावर काय बघायचं? सांगताल ते बराबर. दावं द्या इकडं."

मला वाटलं, झालं काम. पण गोदावरीबाईंनी दावं मनगटाला आणखी एक वेढा देऊन घट्ट धरलं. "न्हाई विकायची."

"काहून?"

"मन न्हाई."

तो गेल्यावर मी विचारलं, चांगला तर होता! त्या म्हणाल्या, "आज्जी, ज्याला जनावर पाळायचं हाय त्यो दात बघतो. ह्याला शेळी नको, दावं पाहिजे होतं. दावं हातात आल्यावर गर्दीत कुठं शोधू मी त्याला?"

थोड्या वेळाने फेटेवाला परत आला, पुन्हा दात बघितले, पुन्हा नावं ठेवली. शेळी त्यालाच गेली.

गिरणी

परत आल्यावर त्यांना ज्वारी दळायची होती. मी मागे लागले, मलाही न्या. मला बघायचंच होतं हे कसलं डोळ्यासमोरचं दळण.

गोदावरीबाईंनी आधी अंगणात ज्वारी सुपात घेऊन निवडली. खडा, काडी, किडका दाणा बाजूला. मग पाटी डोक्यावर घेऊन गिरणीत. आधीच्या बाईचं दळण संपलं तरी यांनी लगेच ज्वारी टाकू दिली नाही. एक ओंजळ आधी टाकायला लावली, तिचं पीठ वेगळं घेतलं. ते शेळ्यांना, कारण त्यात आधीच्याचं काय मिसळलंय कोण सांगणार? मग पदर नाकाला लावून पाटी रिकामी होईपर्यंत तिथेच उभ्या.

"एवढा अविश्वास?" मी गिरणीच्या आवाजावर ओरडले. "गिरणीवाला वाईट माणूस आहे का?"

"चांगला हाय की!" त्याही ओरडल्या. गिरणीवालाही ऐकत होता, मान डोलवत होता. "पण ज्वारी हाय तवर खडा दिसतो. पीठ झाल्यावर काय दिसणार? पिठाला तोंड न्हाई, दात कुठले बघताल?"

मी तिथे पांढरीफटक उभी होते. पिठाने.

दुपारची वीज

घरी येऊन मी हातपायही न धुता मुक्ताच्या खोलीत गेले.

"तो सायमन जे दुरुस्त करून पाठवतो, ते तुम्ही वाचता?"

"सगळे वाचतात. ओळ न् ओळ. त्यात काहीही वावगं नाही, आजी. मी स्वतः बघितलंय."

"ती झाली ज्वारी. आणि रविवारी तू सही करणार ती कशावर?"

मुक्ताने सायमनचं पत्र पुन्हा उघडलं.

"त्याने दळून ठेवलेल्या पिठावर," मीच म्हणाले. "तू तिथे उभी होतीस का?"

मला वाटलं पुन्हा चिडेल. पण तिने खुर्ची यंत्राकडे वळवली. मग म्हणाली, "तोच मजकूर मी इथे उतरवून बघते. दोन्ही शेजारी ठेवू. सारखे यायला हवेत."

काम सुरू झालं आणि वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर धापा टाकू लागला. गोदावरीबाई येऊन पुठ्ठ्याने वारा घालू लागल्या. मुक्ताला नव्हे, यंत्राला. मुक्ता म्हणाली आई, राहू द्या, त्या म्हणाल्या, तापलंय बिचारं.

दोन्ही सारखे आले नाहीत.

"थोडा फरक पडतो," मुक्ता घाईने म्हणाली. "दिवस-वेळ, जागेचं नाव, असलं काहीबाही आत चिकटतं." तिने ते सगळं बाजूला काढलं. पुन्हा ताडून बघितलं. फरक राहिलाच. सायमनचं पीठ जरासं जास्त होतं.

तिने त्याला साधा प्रश्न लिहिला, हे कसं तयार केलंस? उत्तर लगेच आलं. लांबलचक आणि लोण्यासारखं. मुक्ताने मला मराठीत वाचून दाखवलं: तुझं काम किती थोर आहे, तू किती दमलेली असशील, आणि एकमेकांवर विश्वास नसेल तर अशी कामं चालतील कशी? प्रश्नाचं उत्तर तेवढं त्यात नव्हतं.

"दावं मागतोय," गोदावरीबाई दारातून म्हणाल्या.

मुक्ताने दोन्ही उतारे पेद्रोला पाठवले. हा पेद्रो पोर्तुगालचा, पहिल्यापासून चाळणीत तिच्याबरोबर आहे. याचा चेहरा तिने पाहिलेला आहे, त्याच्या नाती तिला पडद्यावर हात करतात. हल्ली त्याचं लक्ष कमी, पण हाकेला येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं उत्तर आलं. जास्तीच्या भागात एक चोरवाट होती. ही चाळणी ज्याच्या यंत्रावर चालेल, त्याच्या यंत्रातले परवलीचे शब्द गुपचूप बाहेर जाणार होते. दवाखान्यांचेसुद्धा. आणि वर शिक्का मुक्ताचा.

पेद्रोने ते सगळ्यांसमोर मांडेपर्यंत सायमन नाहीसा झाला होता. नाव नाही, खातं नाही. वाढलेल्या ताटावरून उठून गेल्यासारखा.

मी जिंकले होते. हट्ट्याला येऊन माझा संशय खरा निघाला होता. मी पेढे मागवणारच होते, तेवढ्यात मुक्ता रडायला लागली.

"अगं, वाचलीस तू!"

"त्यासाठी नाही," ती म्हणाली. "त्याने मला विचारलं होतं, आजी. पाय सुजतात का म्हणून. बाकी सगळे विचारतात, दुरुस्ती कधी होणार?"

मी तिच्या पायांकडे बघितलं. सुजले होते. गाव कुठलं, मामा कोण, पगार किती, मी सगळं विचारलं होतं. येऊन चार दिवस झाले, हे एवढं विचारलं नव्हतं. माझ्याआधी गोदावरीबाई खाली बसल्या होत्या. कोमट तेलाची वाटी रोजच्या जागी होती, आणि पोरीने पाय रोजच्यासारखे पुढे केले. एक पाय मी घेतला.

"हळू दाबा आज्जी," गोदावरीबाई म्हणाल्या. "शेळी न्हाई ती."

निघताना

मुक्ताने झालेली सगळी गोष्ट उघड लिहिली, आपण सही करणारच होतो हेही लिहिलं. चाळणीला नवा नियम केला: एकाने दळलेलं कुणी घ्यायचं नाही, दोघांनी आपापल्या घरी दळायचं, दोन्ही पिठं सारखी आली तरच सही. आणि बाळंतपण होईपर्यंत नवी चाळणी निघणारच नाही; ज्याला घाई असेल त्याने स्वतः मदतीला यावं. लोक ओरडले. तिने पत्रं बंद करून ठेवली.

जायच्या दिवशी सकाळी ताटात काळपट भाकरी आली. नाचणीची! मी गोदावरीबाईंकडे बघितलं.

"मी खाऊन बघितली तीन दिवस," त्या म्हणाल्या. "काही झालं न्हाई मला. मग म्हणलं, लेकराला द्यावी." आणि मला त्यांनी ज्वारी बांधून दिली. अख्खी. "तिकडं दळा. समोर उभं राहून."

वाईच्या गिरणीत मी आता पाटी रिकामी होईपर्यंत उभी राहते. ओळखीचा गिरणीवाला पहिल्यांदा दुखावला. आता मला स्टूल देतो.

मुक्ताला मुलगी झाली. परवा फोनवर म्हणाली, चाळणीला नवी मदतनीस आली आहे, इंगा नावाची, थंड मुलुखातली कुणीशी. काम नीट करते. "आणि आजी, तुझी आठवण म्हणून मी तिला विचारलं, तुझा मामा काय करतो?"

"मग?"

"म्हणाली, बोटी रंगवतो. पण तू हे का विचारतेस? आणि तुझ्या आधीच्या चाळणीचं पीठ मी माझ्या घरी दळून बघितलं तर चालेल का? तुझ्यावर तरी विश्वास का ठेवावा?"



"किल्ली अजून देऊ नकोस," मी म्हणाले. "पण ही दात बघणारी आहे. हिला बसायला पाट दे."